मॅच नसलेला मंगळवार

स्टेशनवरून घरी येताना दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेला एक कागद दिसला. वर पारदर्शक पाकीट होतं, तरी पाऊस आत शिरून कडेची अक्षरं पसरली होती. लंडनमधल्या वेम्ब्ली स्टेडियमच्या आसपास राहणाऱ्यांना बांधकामाच्या अर्जाची सूचना देणारे असे कागद नवे नाहीत. स्टेडियमजवळच्या एका प्लॉटवर घरं, खाली दुकानं, थोडी ऑफिसं, थोडी मोकळी जागा. काही म्हणायचं असेल तर २१ दिवसांत कळवा. मी वाचत असताना शेजारी एक आजी येऊन थांबल्या. पांढरी साडी, वर जाड कोट, हातात चाकांची पिशवी. इथल्या गुजराती आजींना सगळेच ‘बा’ म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली, दम घेतला आणि विचारलं, “बेटा, इसमें बैठने का कुछ लिखा है?” मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मजले होते, चौरस मीटर होते, अर्जाचा क्रमांक होता. “नहीं बा, इतना इसमें नहीं लिखते,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवी ओढत चालू लागल्या. पुढच्या वळणापर्यंत त्या तीनदा थांबल्या, कारण तेवढ्या अंतरात टेकायला काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून असा कुठलाही कागद दिसला की मी आधी त्यात बसायची जागा शोधते.

वेम्ब्ली पार्क स्टेशनातून पहिल्यांदा बाहेर आले ती संध्याकाळ मला अजून आठवते. दार ओलांडलं की पायऱ्या खाली उतरतात, समोर सरळ रुंद रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला आकाशात ओढलेली ती पांढरी कमान. १३३ मीटर उंचीची ती कमान अंधार पडल्यावर उजळली तेव्हा मी हातातल्या सामानासकट तिथेच उभी राहिले. मॅचहून परतणारी माणसं बाजूने वाहत होती. तळलेल्या कांद्याचा वास, सांडलेल्या बिअरचा वास, आणि हजारो पावलांचा एक घुमणारा आवाज. हा रस्ता १९४८ च्या ऑलिंपिकसाठी बांधला, आणि तो बांधायला जर्मन युद्धकैद्यांचे हात लागले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये, स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायला तीन दिवस उरलेले असताना, भारताच्या हॉकी संघाने याच जागी ब्रिटनला ४-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं. जुनं स्टेडियम आणि त्याचे दोन मनोरे २००३ पर्यंत पाडले गेले, त्यामुळे ती हिरवळ आता बघता येत नाही. पण रस्ता तोच आहे. तो सामना बघून परतणारे लोक ह्याच दिशेने स्टेशनकडे चालले असतील, हे मला तिथून जाताना कधीकधी आठवतं आणि बरं वाटतं.

ही जागा फार पूर्वीपासून मोठ्या बेतांची आहे. स्टेडियमच्याही आधी, १८९० च्या दशकात, मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांना इथे आयफेलपेक्षा उंच मनोरा हवा होता. त्यांच्या रेल्वेने लोक येतील, बागेत फिरतील, मनोऱ्यावर चढतील, असा हिशोब. मनोऱ्याचा फक्त पहिला टप्पा झाला, १८९६ मध्ये लोकांसाठी उघडला, आणि १९०७ मध्ये सुरुंग लावून पाडून टाकला. मग १९२३ मध्ये त्याच जागेवर एम्पायर स्टेडियम आलं, पुढच्या वर्षी त्याच्याभोवती साम्राज्याचं प्रचंड प्रदर्शन भरलं. प्रदर्शन उठल्यावर त्याचे काँक्रीटचे महाल गोदामं झाले, कारखाने झाले, आणि हळूहळू सगळीकडे पार्किंग पसरलं. नव्या वेम्ब्लीबद्दल हळहळताना मी हे स्वतःला मुद्दाम सांगते. इथे कुणाची जुनी आळी किंवा अंगण उखडलेलं नाही. बरीचशी जमीन डांबराची होती. रविवारी तिथे बाजार भरायचा, स्वस्त बॅगा आणि पडद्यांचं कापड मिळायचं, असं जुने लोक सांगतात. बाकीचे दिवस डांबर आणि वारा.

त्या डांबरावर आज जे उभं आहे त्याची पहिली आउटलाइन परवानगी २००४ मधली, आणि नंतरची मोठी २०१६ मधली. जमीन सुमारे ८५ एकर. आउटलाइन म्हणजे काय हे मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, त्यात तत्त्व मान्य करते: इथे इतकी घरं, इतकी दुकानं, इतक्या उंचीपर्यंत चालेल. इमारत कशी दिसेल, दारं कुठे उघडतील, झाडं कुठली, फरशी कुठली, हे सगळं ‘रिझर्व्ह्ड मॅटर्स’ म्हणून राखून ठेवतात आणि त्याचे वेगळे अर्ज पुढे वर्षानुवर्षं येत राहतात. मोठा निर्णय वर्तमानपत्रात येतो, त्यावर भांडणं होतात. पुढचे बारके अर्ज खांबावरच्या पाकिटात भिजत राहतात, आणि माणसाच्या पायाला, पाठीला, डोळ्याला जे लागतं ते बहुतेक त्यांतच ठरतं.

एका संध्याकाळी मी एका कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीची बैठक बघायला जाऊन बसले. कोणीही जाऊन बसू शकतं. गालिचाला ओल्या छत्र्यांचा वास होता, भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलेली चित्रं, आणि त्या चित्रांत कायम उन्हाळा: पातळ कपड्यांतली माणसं, हातात फुगा घेतलेलं मूल, कुठेही न थांबलेली बस. अधिकाऱ्यांचा अहवाल शेकडो पानांचा होता. हरकत घेणाऱ्यांना तीन मिनिटं. एक बाई कागदावरून वाचत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाबद्दल बोलायला लागल्या तेवढ्यात वेळ संपली आणि मायक्रोफोनचा लाल दिवा विझला. इंग्लंडच्या नियोजन कायद्यात खाजगी घरातून दिसणारं दृश्य हा विचारात घ्यायचा मुद्दा नसतो. घराची किंमत पडेल हाही नसतो. खिडकीवर पडणारा उजेड मात्र असतो. तो मोजण्याची पद्धत आहे, त्याचे आकडे आहेत. म्हणजे त्या बाईंनी ‘आकाश’ म्हणण्याऐवजी ‘उजेड’ म्हटलं असतं तर त्यांचं बोलणं टिपून घेतलं गेलं असतं. मला त्या सदस्यांचा राग आला नाही. ते मन लावून ऐकत होते, प्रश्न विचारत होते, एकाने अग्निशमनाच्या दुसऱ्या जिन्याबद्दल फार चांगलं खोदून विचारलं. पण त्यांच्यासमोर जे तोलायला ठेवलं होतं त्यात माणसाच्या सवयी कुठेच नव्हत्या.

हात वर झाले, ठराव मंजूर. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला, तो कुणाच्या तरी मागच्या अंगणातल्या वाढीव खोलीचा होता.

त्या रात्री परवानगी मिळाली असं आपण म्हणतो, पण खरं तर ती ‘सेक्शन १०६ च्या अधीन’ मिळालेली असते. १९९० च्या नगरनियोजन कायद्यातलं हे कलम. बिल्डरने त्या बदल्यात काय द्यायचं त्याचा हा करार: किती घरं परवडणारी, शाळेसाठी, रस्त्यासाठी किती पैसे, स्थानिकांना किती कामं. बैठकीनंतर तो करार बंद खोलीत महिनोन्महिने लिहिला जातो आणि तिथे ‘व्यवहार्यता’ नावाची गोष्ट येते. खर्च वाढला, व्याजदर वाढले, आता एवढी स्वस्त घरं जमणार नाहीत. स्टेडियमच्या बाबतीत त्या युक्तिवादाला आणखी एक धार असते, कारण टेबलाच्या पलीकडे फुटबॉल क्लब असतो, आणि क्लब निघून जाऊ शकतो ही भीती सगळ्या शहराच्या पोटात असते. उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये हे उघड झालं. तिथल्या नव्या स्टेडियमच्या बेताला २०१० मध्ये मंजुरी मिळाली, २०११ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागातून दंगली पेटल्या, आणि २०१२ मध्ये परवडणाऱ्या घरांची अट करारातून काढून टाकण्यात आली. कारण दिलं गेलं की नाहीतर काहीच उभं राहणार नाही. जळलेल्या दुकानांच्या रस्त्यावर गुंतवणूक हवी होती, हे मला समजतं. पण ज्या वस्तीला स्वस्त घराची सगळ्यात जास्त गरज होती तिच्याच वाट्याचं घर सगळ्यात आधी कापलं गेलं, आणि ते मला आजही चूक वाटतं.

त्या स्टेडियमसमोर, व्हाइट हार्ट लेन स्टेशन आणि मैदान यांच्या मधोमध, लव्ह लेन नावाची कौन्सिलची वसाहत आहे. स्टेशनातून निघालेल्या प्रेक्षकांना सरळ मैदानापर्यंत नेणारी मोकळी जागा आखायची तर ही वसाहत वाटेत येते. २०२१ मध्ये रहिवाशांचं मतदान झालं. ५५ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पुनर्विकासाच्या बाजूने पडली. २०२२ च्या जुलैमध्ये कौन्सिलने हजारो घरांचा तो बेत मंजूर केला, त्यात पाचशे घरं कौन्सिलच्या भाड्याची. मी त्या वसाहतीच्या मधल्या वाटेने एकदा चालत गेले होते. बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, कुठूनतरी तळणाचा वास, जिन्यात बसून फोनवर बोलणारी एक मुलगी. लिफ्ट बंद. भिंतीला ओल. ‘हो’ म्हणणाऱ्यांचं मला पटतं. ओलीत राहणाऱ्याने नव्या घराला नाही का म्हणावं? ‘नाही’ म्हणणाऱ्यांचंही पटतं, कारण घर परत मिळेल असं कागदावर असलं तरी मधली वर्षं कुठेतरी काढायची असतात, मुलांच्या शाळा बदलायच्या असतात, शेजार तुटायचा असतो. मतपत्रिकेवर ह्या दोघांसाठी एकच प्रश्न होता.

उत्तर लंडनमधल्याच हायबरीला आर्सेनलने जुनं मैदान सोडलं तेव्हा वेगळंच घडलं. २००६ मध्ये क्लब जवळच्या जवळ नव्या स्टेडियममध्ये गेला. तिथे आधी कौन्सिलचं कचरा हाताळणीचं केंद्र होतं, ते दुसरीकडे हलवून जागा रिकामी केली. जुन्या स्टँडचे फ्लॅट झाले, हिरवळीची बाग झाली. १९३६ चा पूर्वेचा स्टँड वारसा यादीत असल्यामुळे त्याचं दर्शनी रूप तसंच ठेवावं लागलं. त्या रस्त्याने गेलं की घरांच्या रांगेत मधेच ते आर्ट डेको तोंड उभं दिसतं. सुंदर आहे, खोटं का बोलू. मात्र बाग रहिवाशांची आहे. जिथे एकेकाळी तिकीट काढून कुणीही आत जायचा, तिथे आता फाटक आहे.

पण मला जे खरं बोलायचंय ते मंगळवारचं आहे.

स्टेडियमभोवतीच्या प्रत्येक बेताचं मुखपृष्ठ मॅचच्या दिवसाचं असतं. ९०,००० माणसं, झेंडे, दिवे. पण असे दिवस वर्षात मोजकेच. वेम्ब्लीला तर पूर्ण क्षमतेच्या कार्यक्रमांवर वर्षाची मर्यादाच घातलेली आहे, परवानगीची अट म्हणून. २०१७-१८ मध्ये टॉटनहॅमचा संघ आपलं मैदान बांधून होईपर्यंत इथे खेळायला आला तेव्हा ती मर्यादा वाढवून घ्यायला कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागला होता, आणि रहिवाशांनी त्याला चांगलीच हरकत घेतली होती. त्यांना फुटबॉलचा राग नव्हता. मॅचच्या दिवशी बस दुसऱ्या रस्त्याने वळवतात, पाहुण्यांना गाडी लावता येत नाही, दवाखान्यातून परतणाऱ्या माणसाला गर्दीच्या उलट चालावं लागतं. असे दिवस वर्षात किती, एवढंच त्यांना आधी ठरवून हवं होतं. ती एक कोरडी अट मला त्या सगळ्या कागदांतली सर्वात माणुसकीची ओळ वाटते, कारण ती लिहिताना कुणीतरी उरलेल्या दिवसांचा विचार केलेला आहे.

मंगळवारी दुपारी मी त्या सरळ रस्त्यावर जाते. कमान तीच, पण खाली शांतता. उंच इमारतींच्या मधून वारा असा येतो की डोळ्यांत पाणी येतं. इथली बरीच घरं विकण्यासाठी नाहीतच, कायम भाड्याने देण्यासाठी बांधलेली आहेत. खाली चकचकीत लॉबी, पार्सलांची खोली, गच्चीवर बाग. राहणारे बहुतेक तरुण, बरेचसे आपल्याकडचे. लिफ्टमध्ये मराठी कानावर पडतं, कुणीतरी आईला व्हिडिओ कॉलवर कमान दाखवत असतं. कौन्सिलच्या इमारतीत वाचनालय आहे, तिथे शाळकरी मुलं अभ्यास करतात, म्हातारे हीटरजवळ वर्तमानपत्र धरून बसतात, कुणी हटकत नाही. उन्हाळ्यात जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांत मुलं भिजतात, त्यांच्या आया बाजूला उभ्या असतात. मी त्यांच्याकडे बघते तेव्हा ह्या पुनर्विकासाला वाईट म्हणवत नाही. पण त्या आया उभ्या का असतात, हेही मला दिसतं. बसायला आहे ते कॅफेच्या दोरीच्या आत. बाहेर दगडी कट्टे आहेत, पाठ नसलेले, हात नसलेले. साठीच्या पुढच्या माणसाला त्यावर बसता येतं, उठता येत नाही.

ब्रिटिश सरकारच्या वाहतूक खात्याची अपंग आणि वृद्धांच्या वावराबद्दलची मार्गदर्शक पुस्तिका आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की वर्दळीच्या पायवाटांवर जास्तीत जास्त ५० मीटरच्या अंतराने बसायची सोय असावी. म्हणजे बांचा प्रश्न भावनेचा नव्हता, तो शुद्ध नियोजनाचा होता आणि त्याला आकडाही होता. घरांची संख्या, नोकऱ्यांची संख्या, इमारतीची उंची यांच्या रांगेत तो आकडा अहवालाच्या मागच्या पानांत कुठेतरी असतो, पण त्यावर हात वर होत नाहीत. सार्वजनिक संडास, पाण्याचा नळ, औषधाचं दुकान, रात्री नवाच्या बसची वेळ, कट्ट्याला पाठ असणं, हे सगळं तिथेच असतं. कमिटीच्या सदस्यांनी मोठ्या अर्जावर मत देण्याआधी त्या जागी एका मॅच नसलेल्या दिवशी, अधिकाऱ्यांशिवाय, हातात थोडं ओझं घेऊन चालून यावं, असं मला मनापासून वाटतं.

स्टेडियम निघून गेलं की काय उरतं हे बघायचं तर लिव्हरपूलला जावं. एव्हर्टन हा तिथला फुटबॉल क्लब १८९२ पासून गुडिसन पार्क या मैदानावर खेळत होता. दारं थेट फुटपाथवर उघडणाऱ्या विटांच्या घरांच्या रांगा, मैदानाच्या एका कोपऱ्याला जवळजवळ चिकटून सेंट ल्यूकचं चर्च, आणि मॅचच्या दिवशीच्या गर्दीवर चालणारे पब. २०२१ च्या फेब्रुवारीत कौन्सिलने मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर डॉकवर नव्या स्टेडियमला परवानगी दिली. १८४८ चा तो डॉक समुद्रातून उपसलेल्या वाळूने भरून काढला. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचं नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढलं. हे स्टेडियम त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. डॉक वर्षानुवर्षं ओसाड होता, त्याला जीव आला, हे त्या शहरातले लोक अभिमानाने सांगतात आणि त्यांचा अभिमान खरा आहे. गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना २०२५ च्या मेमध्ये झाला. आधी मैदान पाडून तिथे घरं आणि सार्वजनिक सोयी करायचा बेत होता. मग निर्णय बदलला आणि ते मैदान एव्हर्टनच्या महिला संघाला दिलं. सव्वाशे वर्षांत त्या गल्ल्यांत वाढलेल्या कितीतरी मुलींनी ते फक्त बाहेरून पाहिलं असेल. हा बदल वाचला तेव्हा मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही नव्या मनोऱ्याच्या चित्राने झालेला नाही. तिथे काही नवीन बांधलं नाही, कुणाला हलवलं नाही, आणि पबवाल्यांकडे थोडी का होईना माणसं येत राहणार आहेत.

आमच्याकडच्या त्या अर्जावर मी माझं मत लिहून पाठवलं. घरांना पाठिंबा दिला, कारण ह्या शहरात घरं हवीत आणि डांबरावर ती बांधण्यात मला काही गैर दिसत नाही. सोबत तीन मागण्या केल्या: ५० मीटरवर पाठ आणि हात असलेली बाकं, सगळ्यांसाठी उघडा संडास, आणि परवडणाऱ्या घरांचा आकडा करारात नंतर बदलला तर तो विषय पुन्हा जाहीर बैठकीत यावा ही अट. उत्तर म्हणून पोच आली, अजून निर्णय नाही. शेजारच्या इमारतीतल्या दोन मराठी मुलींना लिहा म्हटलं तर त्या म्हणाल्या, “आम्ही भाड्याने राहतो ताई, आणि व्हिसावर आहोत. आमचं कोण वाचणार?” म्हणून हे इथे लिहिते आहे. प्लॅनिंगच्या अर्जावर मत द्यायला मालक असावं लागत नाही, नागरिक असावं लागत नाही, मतदारयादीत नाव लागत नाही. अर्जाचा क्रमांक आणि आपलं नाव-पत्ता घालून, घरात येणाऱ्या उजेडाबद्दल, वाऱ्याबद्दल, गर्दीबद्दल, बसायच्या जागेबद्दल चार ओळी लिहिल्या तरी त्या अधिकाऱ्याच्या अहवालात मोजाव्या लागतात. २०१६ च्या परवानगीतले बारके अर्ज वर्षानुवर्षं येत राहिले आहेत. खांबावरचं पाकीट दिसलं की दोन मिनिटं थांबून तारीख बघा. मुदत बहुतेक २१ दिवसांचीच असते.